रेघेच्या वर लावलेला तंबू

२३ नोव्हेंबर, रविवार. गच्चीवर चार तंबू वाळत घातले होते. त्यातला एकच माझा. तो ओला झालाच नव्हता, पण बाकीचे काढले तर त्यालाही हवा लागू द्यावी म्हणून पसरला. उरलेले तीन आठवड्याभरात तिसऱ्यांदा धुतले. दर वेळी वाटायचं, गाळ निघाला. वाळल्यावर शिवणीत पुन्हा पांढुरकी पूड दिसायची.

तंबू धुवायचा म्हणजे मशीनमध्ये कोंबायचा नाही. पावडर लावायची नाही, घासणीने घासायचा नाही. आतला मुलामा सुटतो आणि पुढच्या पावसात कापड चाळणीसारखं गळतं. साधं पाणी आणि स्पंज. चेनमधला गाळ जुन्या टूथब्रशने, दात घासल्यासारखा, एकेका दाताचा काढायचा. खुंट्या हातोडीने सरळ करायच्या. सावलीत वाळवायचा, आणि घडी दर वेळी वेगळ्या ठिकाणी घालायची, नाहीतर त्याच रेषेवर कापड चिरतं. हे सगळं मी करते, कारण आमच्या कॅम्पिंगच्या ग्रुपचं सामान आमच्या घरी असतं, आणि आमच्या घरी म्हणजे माझ्या गळ्यात. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. ग्रुपच्या पहिल्याच बैठकीत नवरा म्हणाला होता, "स्टोअर आमच्या मिसेसकडे. तिला जमतं, आणि तिला दुसरं येतं काय?" सगळे हसले. मीही हसले. तेव्हा ते बोलणं मला लागलंही नव्हतं.

तीन तंबूंपैकी एकाच्या दाराला हातभर लांब चीर होती. ती मी कांदे कापायच्या सुरीने पाडली होती. त्या तंबूशेजारी दोरीवर एक छोटी पिवळी स्लीपिंग बॅग उलटी करून घातली होती, पाच वर्षांच्या मुलीची. ती मुलगी चार रात्री दवाखान्यात काढून गुरुवारी घरी आली होती. तिच्या आईने गेले सहा दिवस माझा फोन उचलला नव्हता, कारण तिच्या समजुतीप्रमाणे पाणी येणार हे मला ठाऊक होतं, मी माझा तंबू वर लावला, आणि तिला व तिच्या लेकीला खाली झोपू दिलं.

तिचा हा समज एका वाक्याने दूर झाला असता. ते वाक्य नवऱ्याकडे होतं: "हिने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." सहा दिवस मी ते मागत होते.

तंबू मला कॅम्पिंगच्या हौसेतून कळलेला नाही. आमचं घर महूचं. आजोबा फौजेत, वडील फौजेत. वडील निवृत्त झाले तेव्हा एप्रिलमधल्या जयंतीला महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांसाठी मैदानावर राहुट्या लावायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. अकोल्याहून, नांदेडहून माणसं यायची. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल, उन्हाने करपलेली. त्यांना सावली, पाणी आणि पाठ टेकायला जागा लागायची. वडील मला घेऊन मैदानात फिरायचे. दोरी कुठे ताणायची, खुंटी कोणत्या कोनात ठोकायची, हे सांगायच्या आधी ते जमीन दाखवायचे. म्हणायचे, "तंबू नंतर बघ. पहिले जमीन बघ. जमीन झूठ नाही बोलत." पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं, मुंग्यांनी घर कुठे केलंय, नदीकाठी काटक्या नि फेसाची रेघ कुठे अडकली आहे. ती रेघ म्हणजे पाणी शेवटचं जिथवर आलं ती जागा. "रेघेच्या वर. दोन पावलं का होईना, पण वर." बारा वर्षांची असल्यापासून मला हे पाठ आहे.

महूच्या जुन्या फौजी सामानाच्या दुकानातून घेतलेला एक कॅनव्हासचा तंबू आमच्या लग्नानंतर आमच्याकडे आला. उचलायला दोन माणसं लागायची. नवरा नागपूरचा, नोकरीसाठी इंदूरला आलेला, तंबू त्याने फक्त लग्नाच्या मांडवापुरता पाहिलेला. पहिल्यांदा मीच त्याला घेऊन गेले, घाटाच्या खाली, जंगलाच्या कडेला. सकाळी सहाला मी स्टोव्हवर चहा केला. दारावर बेल नाही, दूधवाला नाही, सासूबाईंचा फोन नाही. तो चहा मला आजही हवासा वाटतो. कॅम्पिंगमध्ये मला आवडतं ते एवढंच: आपण लावलेल्या चार खुंट्यांच्या आत थोडा वेळ कुणी काही मागत नाही.

नवऱ्याला मात्र त्यातलं दुसरंच काही आवडलं. त्याला लोक जमवायला आवडलं. पुण्या-मुंबईहून बदलून आलेली, कुणी कॉलेजात, कुणी कंपनीत, अशी मराठी कुटुंबं शोधून त्याने ग्रुप केला. हलके तंबू आले, फुगवायच्या गाद्या आल्या, घडीच्या खुर्च्या आल्या, डोक्याला बांधायचे दिवे आले. कॅनव्हासचा तंबू कुणीतरी गाडी झाकायला नेला, तो परत आला नाही. नवऱ्याला सगळे कॅप्टन म्हणू लागले. जागा कॅप्टनने ठरवायची, असा नियम झाला. एकदा पंधरा माणसं तासभर उन्हात उभी राहून जागेवरून भांडली होती, तेव्हापासून. नियम वाईट नव्हता. जागा निवडायच्या आधी कॅप्टन माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचे, आणि तो हात वर करायचा. सात वर्षं असं चाललं. लोक म्हणायचे, कॅप्टनची नजर जबरदस्त आहे. माझी हरकत नव्हती. घरातली निम्मी कामं अशीच होतात.

मग कॅराव्हॅन आली.

कॅराव्हॅनला मी नावं ठेवणार नाही. ग्रुपमधल्या एका मोठ्या साहेबांनी एक लांबलचक व्हॅन घेतली आणि आतून घरासारखी करून घेतली. चौघांची झोपायची सोय, ओटा, छोटा फ्रिज, बाहेर ओढायचं छप्पर. आणि संडास. हे पुरुषांच्या लक्षात येत नाही, पण बायकांना कॅम्पमध्ये पहिला प्रश्न सकाळचा असतो. झुडूप शोधत फिरण्यापेक्षा दार लावून बसता येतं, याची किंमत मला कळते. साहेबांनी हौसेने सगळं फिरवून दाखवलं. फ्रिजमध्ये दही, फरसाणाचे सहा डबे, आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची आख्खी बरणी. मी म्हटलं, "साहेब, घर इथेच आहे, मग बाहेर कशाला निघायचं?"

"वहिनी, अपन इंदौरी लोग," ते म्हणाले. ते मूळ साताऱ्याचे, पण इंदूरला चार वर्षं झाली की सगळ्यांना असं बोलायचा चेव येतो. "पोह्यांत सेव कमी पडली तर इज्जत जाती है भिया!"

पण कॅराव्हॅनची एक अट असते. तिला रस्ता लागतो आणि सपाट जमीन लागते. थोडी जरी कलली तर फ्रिज कुरकुरतो, झोपणाऱ्याचं डोकं खाली जातं. तंबू कुठेही जागा करून घेतो, फार तर रात्रभर जरा घसरत झोपावं लागतं. कॅराव्हॅनला जमीनच आपल्या अटीवर हवी असते. ती आल्यापासून कॅप्टनने जागा निवडताना माझ्याकडे बघणं सोडलं. तो साहेबांकडे बघू लागला.

या वेळी आम्ही नर्मदेच्या बॅकवॉटरला गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, गावाची काही चूक नाही. पाच कुटुंबं, दुपारी चारला पोचलो. दोन जागा होत्या. वर शेताच्या बांधाजवळ खडबडीत उतार, दगड वेचून काढावे लागले असते. खाली पाण्याच्या कडेला हिरवंगार गवत, सतरंजी अंथरल्यासारखं, आणि पार तिथवर गाडीची चाकोरी. साहेबांनी गाडी खाली नेली, आत जाऊन फोनवरचा लेव्हलचा बुडबुडा पाहिला आणि खिडकीतून ओरडले, "एकदम बीच में! मक्खन!" नवऱ्याने हात वर केला.

मी तोवर बांधाच्या बाजूने चालत होते. रेघ दिसली. वाळक्या काटक्या, सुकलेला फेस, थर्माकोलचे तुकडे, एक लहान मुलाची चप्पल. गवताच्या वर पंधरा-वीस पावलं. खालचं ते गवत इतकं हिरवं होतं कारण तिथे पाणी येऊन-जाऊन असतं. एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता. मी विचारलं. त्याने काठी माझ्या पायाजवळ टेकवली.

"यहाँ तक आ जाता है, बाई. ऊपर वाले डैम से छोड़ते हैं तब."

"रोज?"

"कभी आवे, कभी नी आवे. अपने हाथ में थोड़ी है."

मी खाली आले. नवरा साहेबांबरोबर उभा होता, बाकीचेही होते. मी तिथे बोलले नाही. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही, पण वडिलांच्या जमिनीच्या धड्यापेक्षाही ते पक्कं बसलेलं आहे. मी म्हटलं, "जरा येता का इकडे?" आणि त्याला आमच्या गाडीमागे नेलं. रेघ सांगितली, म्हातारा सांगितला.

"कधी येतं, कधी येत नाही," तो म्हणाला. "म्हणजे आजच येईल असं कुठे आहे?"

"येणार नाही असंही कुठे आहे?"

"त्यांची गाडी वर चढणार आहे का?"

"गाडी राहू द्या खाली. तंबू वर लावा."

"म्हणजे अर्धा कॅम्प वर, अर्धा खाली. मग आलो कशाला एकत्र?"

दुसऱ्यांदा सहाच्या चहाला सांगितलं. पुन्हा बाजूला घेऊन. तोवर तीन तंबू खाली लागले होते, मुलं गवतात लोळत होती. तो म्हणाला, "आता सुरू नको होऊस. सगळे सेट झालेत."

"मग मी माझा वर लावते."

"लाव. मी काय अडवलंय?"

मी माझा दोन माणसांचा तंबू उचलला आणि निघाले. तेव्हा तो मागून मोठ्याने सगळ्यांना म्हणाला, "मॅडम वर राहणार आहेत बरं का. माझ्या घोरण्याचा त्रास होतो. मी आज कॅराव्हॅनमध्ये!"

हशा झाला. साहेब म्हणाले, "वहिनी, महूवाल्या तुम्ही. तंबूतच वाढलेल्या. वर जाऊन चौकी लावताय का आमच्यावर?"

तंबूतच वाढलेल्या, हे मी आधीही ऐकलं होतं. त्यात थट्टा किती आणि दुसरं किती हे मोजायचं मी केव्हाच सोडलं आहे. मी म्हटलं, "हो, चौकीच. सरळ राहा." आणखी हशा झाला. मला वाटलं, सांगायचं ते सांगून झालं. ऐकायचं नसेल तर भोगा. हे असंच्या असं मनात आलं होतं. लिहायला बरं वाटत नाही, पण आलं होतं.

त्यानंतर तासभर मी आणि त्या मुलीची आई शेजारी बसून कांदे कापत होतो. चांगली बाई आहे, एका कॉलेजात शिकवते, या ग्रुपबरोबर पहिल्यांदाच आली होती. नवरा दौऱ्यावर, म्हणून लेकीला घेऊन एकटीच. पिवळी बॅग नवीन होती, लेबलही काढलेलं नव्हतं. तिने विचारलं, "वहिनी, रात्री थंडी किती पडेल हो? हिला लगेच सर्दी होते."

मी म्हटलं, "खालून गारठा येतो. दोन मॅट घाल खाली."

दोन मॅट घाल खाली. हातात सुरी, डोळ्यांत कांद्याचं पाणी, माझ्यापासून हातभर अंतरावर ती, आणि मी तिला मॅटचा सल्ला दिला. जागा कॅप्टनची, कॅप्टनला सांगून झालं, आता मी तिला सांगितलं तर ते नवऱ्याच्या पाठीमागे बोलणं होईल, असं माझं गणित होतं.

सकाळी सव्वासहाला मला जाग आली. उजाडत होतं. स्टोव्ह घेऊन बाहेर आले आणि खाली पाहिलं. घडीच्या खुर्च्या पाण्यात उभ्या होत्या. चहाचं भांडं तरंगत होतं. पाणी खळाळत नव्हतं, काही आवाज नव्हता, हळूहळू येऊन बसल्यासारखं बसलं होतं.

मी ओरडत पळाले. दोन तंबूंतली माणसं आपापली बाहेर आली, पोरं काखोटीला मारून. तिसऱ्याची चेन उघडेना. गाळ जाऊन अडकली होती. आतून ती बाई ओढत होती, बाहेरून मी. कांद्याची सुरी दगडावर होती, तिने मी दार फाडलं. आत वीतभर पाणी. मॅट तरंगत होते, म्हणून ती बॅग वरून कोरडी दिसत होती, पण स्लीपिंग बॅग खालून पाणी पीत जाते आणि झोपलेल्या मुलाला कळत नाही. मुलगी जागी नव्हती. ओठ निळे पडले होते. मी तिला बॅगेसकट उचललं आणि वर माझ्या तंबूत नेलं, कपडे काढले, माझ्या रजईत गुंडाळलं, अंगाशी धरलं. तिची आई भिजलेली, थरथरत मागे आली. आणि मी काय म्हणाले, तर, "मी सांगितलं होतं."

कुणाला सांगितलं होतं, ते तिने विचारलं नाही. तिने फक्त माझ्या तंबूची कोरडी जमीन पाहिली.

कॅराव्हॅनमधले चौघे सगळ्यांत शेवटी उठले. ते चाकांवर होते, जमिनीपासून हातभर वर, नवराही त्यांच्यातच, उबदार पांघरुणात. गाडी गाळात रुतली, दहाच्या सुमारास गावातल्या ट्रॅक्टरने ओढून काढली. पण नंतर 'कोरडं कोण राहिलं' याची चर्चा झाली तेव्हा त्यात त्या चौघांचं नाव कुणी घेतलं नाही. माझं घेतलं.

दवाखान्यात न्यूमोनिया सांगितला. सोमवारी आम्ही भेटायला गेलो, आणखी दोन कुटुंबंही होती. बाहेरच्या बाकावर ती बसली होती. ती माझ्याशी नाही, नवऱ्याशी बोलली. "वहिनींना माहीत होतं ना? म्हणूनच त्या वर गेल्या."

नवरा म्हणाला, "अहो, माहीत असं काही कुणालाच नव्हतं. तिला आपली सवय आहे, उंचावर लावायची. वडील फौजेत होते ना."

मी तिथे होते. चार पावलांवर. तेव्हाही तोंड उघडलं नाही. चारचौघं होते.

तर तेवीस तारखेला दुपारी नवरा गच्चीवर आला. चिरलेल्या दारावर मी आतून पट्टी चिकटवत होते.

"झालं का? संध्याकाळी साहेब येतायत, डिसेंबरचं ठरवायला."

"त्या येणार आहेत?"

"त्या कुठून येतील? त्यांना जरा वेळ देऊ."

"वेळ नको. ग्रुपवर एक ओळ लिहा. मी तुम्हाला सांगितलं होतं, एवढी."

तो खुर्ची ओढून बसला. खुर्चीच्या पायातून वाळू पडली. "पोरगी बरी आहे ना आता? मग उकरून काय मिळणार? उद्या माझ्या शब्दावर कुणी येईल का?"

"मला ती खुनी समजते."

"काहीतरीच. चार दिवसांनी विसरेल."

"तुम्ही विसराल. ती नाही विसरणार, आई आहे ती."

मग तो जे बोलला, ते त्याने चिडून नाही, अगदी शांतपणे म्हटलं. "आणि तू तरी सांगितलंस कसं? गाडीमागे नेऊन, कानात. सगळ्यांसमोर म्हणाली असतीस तर विषय झाला असता. मी नसतं ऐकलं, कुणीतरी ऐकलं असतं."

मी पट्टी दाबत राहिले. सात वर्षं ज्या गोष्टीवर त्याची कॅप्टनकी चालली, तीच त्याने माझ्यावर फेकून मारली. वाईट हे की खोटं नव्हतं ते. त्याची लाज राखायला मी एका मुलीला पाण्याच्या रेघेखाली झोपू दिलं, आणि माझी राखायची वेळ आली तेव्हा तो खुर्चीच्या पायातली वाळू झाडत होता.

संध्याकाळी साहेब आले. मी पोहे केले, वर सेव घातली. आतल्या खोलीतून ऐकू येत होतं. डिसेंबरला जागा सपाट हवी, पण "पाण्यापासून थोडी लांब", असं ठरलं. निघताना साहेब म्हणाले, "वहिनी, तंबू तुम्ही एकदम नए जैसे कर दिए. हॅट्स ऑफ."

"पुढच्या वेळचे तुम्ही धुवा," मी म्हटलं.

त्यांना तो विनोद वाटला.

सोमवारी सकाळी मी पाचला उठले. पिवळी बॅग नाकाशी धरून पाहिली. कुबट वास नव्हता. शिवणी दाबून पाहिल्या, आतलं भरण गोळा झालेलं नव्हतं. गुंडाळून पिशवीत घातली. तिन्ही तंबूंच्या पिशव्यांवर ज्याच्या-त्याच्या घराचा नंबर मार्करने लिहिला आणि खाली पार्किंगमध्ये नवऱ्याच्या गाडीच्या बॉनेटवर रचून ठेवल्या. माझा तंबू कपाटात ठेवला.

साडेसातला मी तिच्या दारात होते. तिने दार उघडलं, साखळी काढली नाही. आतून कार्टूनचा आवाज येत होता, मध्येच खोकल्याचा.

"बॅग आणलीय," मी म्हटलं. "आणि एक सांगायचंय. जागा मी निवडली नव्हती. पण पाणी येऊ शकतं हे मला माहीत होतं. ह्यांना दोनदा सांगितलं होतं."

"त्यांना."

"हो."

"आपण तासभर कांदे कापत होतो, वहिनी. मला का नाही सांगितलंत?"

मी उत्तर तयार करून आले होते. नियम, कॅप्टन, चारचौघं. जिना चढताना ते मला बरं वाटलं होतं. साखळीच्या फटीतून सांगण्यासारखं ते नव्हतं.

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "सांगायला हवं होतं."

तिने फटीतून हात काढून बॅग घेतली. दाबून पाहिली, जशी मी पाहिली होती. "वाळलीय का नीट?"

"आठ दिवस."

तिने दार लावलं. आपटलं नाही, पण लावलं.

खाली येऊन सोसायटीच्या फाटकाजवळ उभं राहून मी ग्रुपवर लिहिलं: 'त्या ठिकाणी पाणी चढतं, हे मला दुपारी चारलाच कळलं होतं. कॅप्टनला बाजूला घेऊन दोनदा सांगितलं. तुम्हा बाकीच्यांना सांगितलं नाही, ती चूक माझी. तंबू कॅप्टनकडून घेऊन जावेत. यापुढे सामान माझ्याकडे राहणार नाही.' पाठवून दिलं. लगेच दोघांनी वाचल्याचं दिसलं, मग चार-पाच जणांनी. नवऱ्याचा फोन आला, मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. सांवेर रोडला पोचले तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. गेटवर उशिराच्या रकान्यात वेळ लिहिली आणि स्टोअरचं कुलूप उघडलं.